चिकन स्ट्यू की बीफ स्ट्यू? हिशोब मांसाचा नाही, पातेल्याचा करा

प्रश्न थोडक्यात असा: वजन उतरवायचं आहे, रक्ततपासणीत हिमोग्लोबिन जरा कमी निघालंय आणि आठवड्यातून दोन-तीनदा जेवायला स्ट्यूच असतो. मग चिकनचा बरा की बीफचा?

"चिकन हलकं, बीफ जड" हे ठरलेलं उत्तर निम्मं चूक आहे. कॅलरी आणि चरबी यांतला फरक बराचसा कुठला तुकडा घेतला आणि तो किती साफ केला यावर ठरतो, म्हणजे तो आपल्या सुरीच्या हातात असतो. लोह, जस्त आणि बी-१२ यांतला फरक मात्र त्या मांसाचाच आहे. तो स्वयंपाकातल्या कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही. त्यामुळे या दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलायच्या.

त्याआधी एक गोंधळ मिटवू, कारण बहुतेक तुलना इथेच फसतात. पोषणाच्या तक्त्यात कच्च्या आणि शिजलेल्या मांसाचे आकडे वेगळे असतात. साफ केलेल्या कच्च्या बीफच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं २१-२२ ग्रॅम असतात आणि शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३२-३३ ग्रॅम. मांस शिजून पौष्टिक झालेलं नसतं, त्यातलं पाणी निघून गेलेलं असतं. स्ट्यूमध्ये बीफचं वजन सहज तीस-पस्तीस टक्क्यांनी घटतं, कोंबडीच्या मांडीचं पंचवीस-तीस टक्क्यांनी. म्हणजे कच्चं १५० ग्रॅम बीफ ताटात येताना १०० ग्रॅमच्या आसपास उरतं. मोबाइलवरच्या अॅपमध्ये हेच १५० ग्रॅम 'शिजलेलं' म्हणून टाकलं, तर प्रथिनं ३२ ऐवजी ४८ ग्रॅम दिसतात आणि आठवडाभराचा हिशोब कोलमडतो. स्ट्यूपुरता साधा नियम ठेवा: सगळं कच्चं असताना तोला, पातेल्याची बेरीज करा आणि वाढण्यांच्या संख्येने भागा. शिजल्यावर मांस, बटाटा आणि रस्सा वेगळे तोलण्यात अर्थ नाही, कारण मांसातलं बरंच पाणी आणि काही चरबी रस्स्यात उतरलेली असते.

आता एक पातेलं प्रत्यक्ष मांडू. चार जणांसाठी: बिनहाडाचं मांस ६०० ग्रॅम, बटाटे ४००, गाजर २००, कांदा १५०, टोमॅटो १५०, तेल दोन मोठे चमचे (२७ ग्रॅम), मैदा दोन मोठे चमचे (१६ ग्रॅम), मीठ ८ ग्रॅम, पाणी सुमारे ७०० मिलिलिटर. मांस सोडून उरलेल्या सगळ्याच्या कॅलरी ७७५ च्या आसपास भरतात, म्हणजे माणशी १९५. त्यात माणशी ३० ग्रॅम कर्बोदकं, साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि ७ ग्रॅम चरबी. ही ७ ग्रॅम जवळपास सगळी तेलाची. १९५ चा हा पाया दोन्ही स्ट्यूंना सारखाच आहे, मांस कुठलंही घाला.

यात कातडी काढलेलं मांडीचं चिकन घातलं, तर माणशी १५० ग्रॅम मांसाच्या १८० कॅलरी मिळून एकूण ३७५ होतात. प्रथिनं ३३ ग्रॅम, चरबी १३. छातीचं मांस घातलं तर कॅलरी तेवढ्याच, प्रथिनं ३७, चरबी ११. खांद्याकडचं बीफ, वरची पांढरी चरबी नीट काढून घातलं, तर ४०५ कॅलरी, प्रथिनं ३६, चरबी १६. म्हणजे साफ केलेलं बीफ आणि बिनकातडीची मांडी यांत माणशी फरक जेमतेम तीस कॅलरींचा. पातेल्यात एक मोठा चमचा तेल कमी घातलं की तो संपला.

आता तेच पातेलं आळसाने केलं तर? बीफ चरबीसकट घातलं की माणशी साडेपाचशेच्या पुढे कॅलरी आणि ३४ ग्रॅम चरबी. चिकनची मांडी कातडीसकट घातली तर ५२५ कॅलरी आणि ३२ ग्रॅम चरबी. वजन कमी करायचं म्हणून बीफ सोडून कातडीसकट चिकन खाणारा माणूस साफ केलेल्या बीफपेक्षा माणशी १२० कॅलरी जास्त खातो, आणि आपण हलकं खाल्लं असं समजतो. तुकड्यातुकड्यानुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलत नाही.

चरबीचा प्रकारही थोडा वेगळा आहे. बीफच्या चरबीत संपृक्त भाग साधारण निम्म्याला टेकतो, कोंबडीच्या चरबीत तो तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर बीफची चरबी काढणं जास्त महत्त्वाचं. आहारातलं कोलेस्टेरॉल मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, शिजलेल्या १०० ग्रॅमला ८० ते १०० मिलिग्रॅम. "चिकनमध्ये कोलेस्टेरॉल नसतं" ही निव्वळ अफवा आहे.

शिजताना चरबी नाहीशी होत नाही, ती मांसातून निघून रस्स्यावर तरंगते. काढून टाकली तरच ती हिशोबातून जाते, आणि काढायची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे रात्रभर फ्रिज. सकाळी झाकण उघडलं की बीफच्या स्ट्यूवर पांढरी, कडक चकती धरलेली दिसते. सुरीचं टोक कडेने फिरवलं की पापुद्र्यासारखे तुकडे उचलून येतात. कोंबडीची चरबी पिवळसर आणि मऊ राहते, लोण्यासारखी चमच्याला लागते. ती थंड चमच्याने खरवडावी लागते आणि थोडी खालच्या रश्शाबरोबर येतेच. काढलेल्या प्रत्येक सपाट मोठ्या चमच्यामागे सुमारे ११५ कॅलरी गेल्या असं धरा. चरबीदार तुकड्याच्या पातेल्यातून असे चार-पाच चमचे सहज निघतात. खालचा रस्सा जेलीसारखा थरथरत असेल तर ती चरबी नव्हे, जिलेटिन आहे. ते फेकू नका.

इथे एक चूक बरेच जण करतात. सुरुवातीलाच मांसाला मैदा चोळून परतायचं आणि त्याच मैद्याने रस्सा दाट करायचा. मैद्याने दाट झालेला रस्सा चरबीचे बारीक थेंब धरून ठेवतो, ते वर येऊन थर धरत नाहीत, मग चरबी काढता येत नाही. चरबी काढायची असेल तर रस्सा पातळ ठेवून शिजवा, थर काढा आणि मगच दाट करा. त्यासाठी मैदासुद्धा लागत नाही. स्ट्यूतल्याच तीन-चार बटाट्याच्या फोडी पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला दाबून कुस्करल्या की काम होतं. मात्र चरबीचा शेवटचा थेंबही काढायच्या मागे लागू नका. गाजरातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी हवीच, आणि माणशी चार-पाच ग्रॅम त्याला पुरते.

आता बीफची खरी बाजू. वरच्याच पातेल्यात साफ केलेल्या बीफच्या एका वाढपात लोह साधारण साडेचार मिलिग्रॅम येतं, त्यातलं सव्वातीन मांसाचं. मांडीच्या चिकनमध्ये एकूण अडीच, त्यातलं मांसाचं सव्वा. छातीच्या चिकनमध्ये मांसातून जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. फरक नुसता आकड्याचा नाही. मांसातल्या लोहाचा मोठा भाग हीम स्वरूपात असतो आणि त्यातलं १५ ते ३५ टक्के शरीर घेतं. भाज्यांतल्या लोहाचं शोषण सहसा त्याहून बरंच कमी होतं आणि सोबत काय खाल्लं यावर खूप हलतं. मांस सोबत असलं की भाज्यांतलं लोहही जरा जास्त शोषलं जातं. हा फायदा चिकनलाही आहे, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

जस्तात अंतर आणखी मोठं आहे. खांद्याच्या बीफमध्ये शिजलेल्या १०० ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम किंवा जास्त, मांडीच्या चिकनमध्ये अडीचच्या आत, छातीच्या मांसात एकाच्या आसपास. बी-१२ चंही तसंच. प्रौढ माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम धरली जाते; बीफचं एक वाढप ती बहुधा एकट्याने पूर्ण करतं, चिकनचं वाढप एका मायक्रोग्रॅमच्या आतच राहतं. उलट नायसिनमध्ये, म्हणजे बी-३ मध्ये, छातीचं चिकन पुढे आहे. पण त्याची कमतरता मांस खाणाऱ्यांत सहसा आढळत नाही, म्हणून निवड त्यावर करण्यात अर्थ नाही.

प्रथिनांबाबत दोन्हींत निवडण्यासारखं काही नाही. फक्त हाडांच्या रश्शाबद्दल ऐकलेलं थोडं विसरा. हाडं तासन्‌तास उकळल्याने रश्शात कॅल्शियम फारसं उतरत नाही. जिलेटिन उतरतं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे नुसता रस्सा पिऊन मांसाची बरोबरी होत नाही. चव आणि दाटपणा यांसाठी हाडं जरूर घाला.

शिजवताना काय बिघडतं, त्याचा पोषणाशी थेट संबंध आहे, कारण बिघडलेलं मांस माणूस ताटात बाजूला सारतो आणि नुसता बटाटा-रस्सा खातो. छातीचं चिकन तासभर रश्शात ठेवलं की पाण्यात बुडालेलं असूनही ते कोरडं, दोरीसारखं होतं. त्यात सांधणाऱ्या ऊती फार कमी. तापमान वाढलं की तंतू आकसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि ती जागा भरून काढायला जिलेटिन नसतं. म्हणून छातीचं मांस मोठ्या तुकड्यांत घ्या, भाज्या शिजत आल्यावर शेवटच्या १२-१५ मिनिटांत घाला आणि आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं की आच बंद करा. मांडी जास्त सोशीक असते, ३५ ते ४५ मिनिटं मंद आचेवर ठेवली तरी मऊ राहते. स्ट्यूसाठी मांडीच घ्यावी. कॅलरीत फरक नाही, लोह-जस्त जास्त, आणि उरलेला स्ट्यू दुसऱ्या दिवशी गरम केला तरी ती खाण्याजोगी राहते.

बीफचं उलटं. ४५ मिनिटांनी तुकडा चिवट लागला की लोक घाबरून आच मोठी करतात. कोलॅजन, म्हणजे सांधणाऱ्या ऊतींतलं चिवट प्रथिन, विरघळायला तापमानापेक्षा वेळ लागतो. पातेलं रटरटत ठेवलं की कोलॅजन तेवढं लवकर विरघळत नाही, तंतू मात्र वाळतात. ८५ ते ९५ अंशांवर, म्हणजे पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल एवढ्या आचेवर, खांद्याचे किंवा पिंढरीचे साडेतीन-चार सेंटिमीटरचे तुकडे अडीच ते तीन तास घेतात. कूकरमध्ये ३५ ते ४५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. काटा घुसवून फिरवल्यावर तुकडा स्वतःहून सुटला पाहिजे. स्वस्त-महाग न बघता पुठ्ठ्याचा बिनचरबीचा तुकडा घेतला, तर आकडे छान दिसतील पण स्ट्यू कोरडा होईल. खांद्याचा घेऊन बाहेरची चरबी काढणं हा चांगला मध्यममार्ग. तुकड्याच्या आतल्या पातळ चंदेरी पट्ट्या राहू द्या, त्याच पुढे जिलेटिन होतात.

तेल वाया जातं ते परतताना. ओलं मांस एकदम पातेल्यात ओतलं की पाणी सुटतं, मांस परतण्याऐवजी उकडतं, खाली चिकटतं आणि हात तेलाच्या बाटलीकडे जातो. तुकडे कागदाने टिपून कोरडे करा, पातेल्याचा तळ दिसत राहील एवढेच एका वेळी टाका आणि पहिल्या तीन-चार मिनिटांत हलवू नका. जाड बुडाच्या भांड्यात ६०० ग्रॅमला एक मोठा चमचा तेल पुरतं. दुसरा वाचला की माणशी तीस कॅलरी वाचल्या, म्हणजे चिकन-बीफमधला वरचा सगळा फरक मिटला.

भाज्यांची वेळ दोन्ही स्ट्यूंत वेगळी हवी. बीफबरोबर सुरुवातीला टाकलेला बटाटा तीन तासांत विरघळून गाळ होतो. शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात घाला. टोमॅटो जास्त असेल तर त्यात दहा मिनिटं वाढवा, आंबट रश्शात बटाटा उशिरा मऊ पडतो. जीवनसत्त्व क तीन तासांच्या शिजण्यात जवळपास उरत नाही. म्हणून मटार, ढोबळी मिरची किंवा पालेभाजी शेवटच्या पाच मिनिटांत घाला आणि लिंबू ताटात पिळा. भाज्यांतलं लोह शोषायला ते खरंच मदत करतं. पाण्यात विरघळणारी ब गटाची जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम रश्शात उतरतात, त्यामुळे रस्सा खाल्ला तर ती मिळतात. थायमिन मात्र उष्णतेने मोडतं, आणि लांब शिजणाऱ्या बीफच्या स्ट्यूत ते जास्त जातं.

मिठाकडे चिकन-बीफच्या वादात कुणी बघत नाही, खरं तर तिथे सर्वांत जास्त बिघडतं. वरच्या पातेल्यात ८ ग्रॅम मीठ आहे. माणशी २ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७८५ मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियमची आहे. एका ताटात चाळीस टक्के संपले. त्यात चवीसाठी स्टॉकची वडी टाकली, तर त्या वडीचा निम्म्याच्या आसपास भाग मीठच असतो. दहा ग्रॅमच्या एका वडीने माणशी आणखी पाचशेच्या आसपास मिलिग्रॅम वाढतं. वडी घालणार असाल तर मीठ शेवटी, चव बघूनच घाला. बीफचा रस्सा उघड्या पातेल्यात आटून खारट होतो, हे आणखी एक कारण. डबाबंद स्ट्यूत तर २३० ग्रॅमच्या वाढपात सोडियम अनेकदा ९०० च्या पुढे आणि प्रथिनं मात्र ११-१२ ग्रॅम असतात. त्याला मांसाचा स्ट्यू म्हणणं म्हणजे बटाट्याची थट्टा आहे.

काही आजारांत निवड बदलते. यूरिक आम्ल वाढलेलं असेल तर बीफ सोडून चिकन घेतल्याने फार साधत नाही, प्युरिन (ज्यापासून यूरिक आम्ल बनतं) दोन्हींत मध्यम आहे आणि शिजताना ते रश्शात उतरतं. तेव्हा मांस थोडं आणि रस्सा त्याहून थोडा. शरीरात लोह साठत जाण्याचा हिमोक्रोमॅटोसिस असेल तर चिकन. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं, पोटॅशियम आणि मीठ तिन्ही मोजावे लागतात, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दातांचा त्रास असलेल्या वृद्धांना छातीच्या चिकनपेक्षा तीन तास शिजलेलं बीफ जास्त सोपं जातं, हे बऱ्याच घरांत लक्षात येत नाही.

बीफ रोज का नको, याचंही कारण ठोस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात आणि बेकन-सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला 'कर्करोगकारक' गटात ठेवलं. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाची शिफारस आठवड्याला शिजलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवण्याची आहे. आपल्या वाढपात शिजलेलं बीफ १०० ग्रॅम असतं, म्हणजे आठवड्यात तीन वेळा खाल्लं तरी बसतं. पण बीफ स्ट्यूची सुरुवात बेकन परतून करायची पद्धत असेल, तर ती सोडा.

उरलेला स्ट्यू खोल पातेल्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि हळूहळू निवणाऱ्या दाट रश्शात वाढतात. पाच सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या डब्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवसांत संपवा आणि गरम करताना खळखळून उकळी आणा.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नापुरतं: आठवड्यात तीन स्ट्यू असतील तर दोन बीफचे, खांद्याचा तुकडा बाहेरची चरबी काढून, आणि एक कातडी काढलेल्या मांडीच्या चिकनचा. तिन्हींत तेल एक चमचा आणि बटाटा ४०० ऐवजी २५० ग्रॅम ठेवला, तर ताट साडेतीनशे कॅलरींच्या आसपास येतं, चिकनचं त्याहून जरा खाली. जेवणाआधी-नंतरचा एक-दीड तास चहा-कॉफी टाळा, त्यांतले टॅनिनसारखे घटक भाज्यांतल्या लोहाचं शोषण अडवतात. पण हिमोग्लोबिन कमी निघालंय म्हणजे लोहच कमी आहे असं गृहीत धरू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आणि बी-१२ तपासून घ्या. अमेरिकी शिफारशीप्रमाणे मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीची रोजची लोहाची गरज १८ मिलिग्रॅम आहे आणि बीफच्या स्ट्यूचं भरलेलं ताटही त्यातलं साडेचारच देतं. फेरिटिन खरंच खाली असेल तर डॉक्टर गोळ्या देतील, त्या घ्या आणि स्ट्यू त्यांच्या जोडीला ठेवा.